हलवायाचा दराबा

“पातेलं दाराबाहेरच राहू दे. आत आणू नकोस.”

मास्तरीणबाई हे माझ्या आईला म्हणाल्या. नाताळच्या दिवशी, मागच्या दारात. आई बहादरपुराहून बुऱ्हाणपूरला पायी आली होती, डोक्यावर दराब्याच्या मिठाईचं पातेलं घेऊन. बाईंनी आपली पितळी परात पुढं धरली. आई हातानं दराबा काढून परातीत घालू लागली. पातेल्याची कड परातीला लागू नये म्हणून बाई परात मागं मागं घेत होत्या. शेवटी थोडा दराबा जमिनीवर सांडलाच. “सांडलंस बघ,” बाई म्हणाल्या. आईनं तो पदरात गोळा केला.

मी बाईंच्या मागं उभी होते. धुतलेलं पातळ, वेणीत फूल. बघत होते.

बाई कुणी परक्या नव्हत्या. आमच्याच देवळातल्या, आमच्यासारख्याच ख्रिस्ती. मास्तर मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि देवळाचा कारभार बघणारे मंडळीचे पंच. त्यांचा आजा ब्राह्मण होता, माझा आजा महार. दोघांचा बाप्तिस्मा एकाच तापीच्या पाण्यात झाला. पण पाण्यातून बाहेर आल्यावर ज्यानं त्यानं आपापली वाट धरली.

मी चौदा वर्षांची असताना मास्तरांनी मला शिकायला घरी ठेवून घेतलं. मागच्या खोलीत राहायचं, कामाला हात लावायचा, शाळेत जायचं. सहा वर्षं राहिले. त्या घरात मी ‘मले’चं ‘मला’ केलं. डोळे मिटून सुरेख प्रार्थना करायला शिकले. देवळात मास्तरांच्या घरच्यांबरोबर दुसऱ्या बाकावर बसू लागले. आई मागं सतरंजीवर, चपलांजवळ.

आणखी एक शिकले. ते कुणी शिकवलं नव्हतं, नुसत्या सोबतीनं अंगात भिनलं. सुटीत घरी गेले की आईनं दिलेल्या पेल्याची कड पदरानं पुसायचे आणि मग पाणी प्यायचे. आई बघायची. आज ते आठवलं की मला माझ्या तोंडाची किळस येते.

नव्या वर्षात मला त्याच शाळेत नोकरी लागणार होती. मास्तरांच्या शब्दावर. आमच्या घरात पगार घेणारं पहिलं माणूस मी असणार होते.

तर नाताळचा दिवस. दरवर्षी मास्तर गावातल्या बड्या हिंदू मंडळींना आणि देवळातल्या पंचांना घरच्यांसकट फराळाला बोलवायचे. त्या बड्या लोकांपुढं आपण मूळचे कुठल्या जातीचे हे दाखवायची हौस फार. दराबा बुऱ्हाणपूरचा, पण माझ्या आईसारखा कुणाला जमायचा नाही. तूप, साखर आणि भाजलेला रवा ती परातीत तळहातानं घोटत बसायची, दोन-दोन तास, पांढरा हलका होईपर्यंत. सगळं काम हाताचं. म्हणूनच बाईंनी मला सकाळीच बजावलं होतं, “कुणी विचारलं तर हलवायाचा म्हण. आईचं नाव काढू नकोस. लोक उठून जातील.”

मी मान हलवली होती.

तेव्हा राजे-महाराजे सह्या करत होते, संस्थानं देशात विलीन होत होती. बैठकीत त्याच गप्पा. कापसाचे व्यापारी शेटजी दराब्याचा घास तोंडात ठेवून म्हणाले, “आता सगळे एक झाले, मास्तर. ना राजा, ना रयत.” मास्तर म्हणाले, “आमचा प्रभू तर हे कधीचा सांगतोय.” शेटजींनी आणखी दराबा घेतला. बोटं चाटली. आणि मला विचारलं, “बेटी, दराबा बढिया हाय. कोणच्या हलवायाचा?”

आई मागच्या दारातच उभी होती. पातेलं परत न्यायला. मधलं दार उघडं होतं.

“चौकातल्या हलवायाचा,” मी म्हणाले.

वळून बघितलं तर दारात कुणी नव्हतं. पातेलंही नव्हतं.

आठ दिवसांनी नव्या वर्षाची उपासना. त्या दिवशी मंडळीत एकेकानं उभं राहून साक्ष द्यायची, गेल्या वर्षात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. माझी साक्ष मास्तरांनी लिहून दिली होती. शाळेची कमिटी समोर बसणार होती ना. आदल्या संध्याकाळी पाठ करायला बसले. पहिलंच वाक्य होतं: ‘मी चिखलात जन्मले. प्रभूनं मला वर काढून चांगल्या सोबतीत ठेवलं.’

मी ते तीनदा म्हटलं. चौथ्यांदा अडकले. चिखल म्हणजे कोण? माझी आई?

त्या घराची, त्या परातीची, त्या गोड प्रार्थनांची शिसारी आली. सगळ्यात जास्त माझी.

सकाळी माझं नाव पुकारलं. उभी राहिले. कागद काढलाच नाही.

“नाताळला पाहुण्यांनी आणि पंचांनी जो दराबा खाल्ला, तो हलवायाचा नव्हता. माझ्या आईनं हातानं घोटला होता. मी खोटं बोलले. नोकरी हवी होती म्हणून बोलले. माझी आई चिखल नाही.”

पहिल्या बाकावरच्या एका पंचाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. आठ दिवसांपूर्वी जिरलेला दराबा तिला आत्ता मळमळला! आणि ती ख्रिस्ताच्या नावानं रोज दोन वेळा गुडघे टेकणारी.

“खाली बस,” मास्तर म्हणाले.

मी बसले. पण बाकावर नाही. मागं गेले, सतरंजीवर आईशेजारी बसले. वाटलं, ती हात धरेल. तिनं धरला नाही. समोर बघत हळूच म्हणाली, “आज बोलली. तवा मी दारात उभी होती. तवा नाई बोलली.”

मी चपला बाजूला सारून तिच्याजवळ सरकले.

नोकरी गेली. खोली गेली. मी बहादरपुरात आईबरोबर केळीच्या मळ्यात कामाला जाऊ लागले. मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला, माफी माग, सगळं विसरू. मी गेले नाही. प्रभूला मी सोडलेलं नाही. त्यांच्या सोबतीनं मला जो प्रभू दिला होता, स्वच्छ, दुसऱ्या बाकावरचा, परात मागं घेणारा, तो मात्र त्यांना परत केला.

देवळात अजून जाते. डोळे मिटायच्या आधी बघते, आई कुठं बसलीय. प्रभुभोजनाचा, सगळ्यांनी मिळून प्यायचा पेला पुढच्या बाकांवरून फिरून शेवटी आमच्याकडे येतो. आई पिते, मग मी. कड पुसत नाही. आणि ज्या दिवशी तो पेला आईला वगळून माझ्याकडे येईल, त्या दिवशी तो मी त्यांच्या देखत जमिनीवर ओतीन.