सतराशे एकोणसाठ सालातली आई

इंग्लंडमध्ये लेस्टरला आमच्या लायब्ररीतल्या वाचनगटानं एकदा ठरवलं, की सहा महिने फक्त १७५९ साली छापलेली पुस्तकं वाचायची. कल्पना गट चालवणाऱ्या रिटायर्ड नर्सबाईंची. त्या एकाच वर्षी इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये, एकमेकांना न विचारता, दोघांनी जवळपास एकच गोष्ट लिहिली होती: एक भाबडा तरुण घर सोडून जगभर हिंडतो, आणि माणसानं सुखी कसं व्हायचं हे काही त्याला कळत नाही.

नेमकी तेव्हाच आई पुण्याहून माझ्याकडे राहायला आली. आठवडाभर मी कामावर असायचे, निदान शनिवारी तरी तिला माणसं दिसावीत म्हणून मी तिला गटात नेऊ लागले. पहिल्या दोन वेळा ती चहाचा कप धरून गप्प बसली.

"फार भरभर बोलतात गं," ती बसमध्ये म्हणाली. "मी आपली ऐकते."

तिसऱ्यांदा फ्रेंच पुस्तकाची पाळी होती. आम्ही सगळ्यांनी इंग्लिश भाषांतर वाचलं होतं आणि एका परिच्छेदावरून वाद पेटला. एक निवृत्त गणित शिक्षक म्हणाले, लेखक इथे मनापासून बोलतोय. नर्सबाईंना ते पटेना. तेवढ्यात आईनं पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं. मूळ फ्रेंच, जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये मिळालेलं. मला पत्ताच नव्हता.

"मी वाचून दाखवू?" तिनं इंग्लिशमध्ये विचारलं.

कॉलेजात तिनं फ्रेंच घेतलं होतं एवढं मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. ती सावकाश, पुणेरी स्पष्टपणे वाचत गेली. एका लांबलचक, थाटामाटाच्या वाक्याच्या शेवटी ती क्षणभर थांबली आणि शेवटचा शब्द इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, की फ्रेंचचा गंध नसलेलेही हसले. सगळ्यात जास्त गणिताचे शिक्षक.

"तो थट्टा करतोय," आई म्हणाली. "फक्त हसत नाहीये."

त्यानंतर दर शनिवारी पहिली दहा मिनिटं तिची झाली. ती चुकली की स्वतःच थांबायची, वाक्य पुन्हा घ्यायची, आणि गट वाट बघायचा. शिक्षक तर वही घेऊन यायला लागले.

"फ्रेंच परत कधी सुरू केलंस?" मी एकदा विचारलं.

"तू कामाला गेलीस की," ती म्हणाली. "डिक्शनरी लायब्ररीतूनच आणली. तुझ्या कार्डावर."