'बस' म्हणेपर्यंत

पाचवीच्या वर्गावर होते तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काकू, जल्दी या. काका शेतात पडले..." अंबडहून वडीगोद्रीपर्यंत आमची जुनी जीप मीच पळवत आणली. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. वाटेत जीप जराही थरथरली नव्हती, हे त्यांचं तेरावं झाल्यावर कधीतरी आठवलं आणि तेव्हा मात्र मी मोठ्यानं रडले.

कारण गेल्या वर्षी ती चांगलीच थरथरायची. काट्यानं पन्नाशी ओलांडली की स्टेअरिंग हातात नाचायला लागे. "पन्नाशीनंतर तुमचंही असंच चाललंय," असं मी नवऱ्याला, रंगनाथरावांना, चिडवायचे. गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हटलं की या माणसाच्या कपाळावर आठ्या. नाइलाजानं चाकांचं बॅलन्सिंग तेवढं बाहेरून करून आणलं, पुढचे टायर मागे टाकले, तरी थरथर कायम. वर स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी खाली चाकं ढिम्म, म्हणजे मधला कुठला तरी जोड ढिला झाला होता. तो शोधायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली निजून एकेका जोडावर बोटं ठेवायची. ढिला जोड बोटांना कळतो. वर बसायचं काम लग्नापासून माझं. बारदाना अंथरून हे खाली सरकत आणि तिथून हुकूम सोडत, "हलव... अजून... बस." त्यांनी 'बस' म्हटल्याशिवाय हात थांबवायची सोय नव्हती.

त्या रविवारी पुन्हा पुन्हा तपासून ते म्हणाले, "सगळं टाईट हाय. टायरचीच खोड असंल." शुगरनं त्यांची बोटं बधिर होत चालली होती. सकाळी शर्टाची बटणं मीच लावून द्यायचे, तीही उशीर होतोय असं निमित्त करून. हे त्यांना तोंडावर कसं सांगायचं? आणि न सांगावं तर उद्या याच गाडीनं मी हायवेला लागणार... मी खाली उतरले.

"मलाबी शिकवा की. किती दिवस नुसती वरच बसू?"

"लुगडं खराब व्हईल, मास्तरीणबाई."

"मंग तुम्हीच धुवा."

हसत हसत ते वर जाऊन बसले. मी बारदान्यावर निजले. डाव्या चाकाजवळच्या जोडावर बोटं ठेवली, तर आत चक्क खुळखुळत होतं. "सापडला!" मी ओरडले. ते उतरले आणि खाली वाकून, माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "तुला आधीच कळलं व्हतं ना, माझ्या बोटांचं?"

"न्हाई," मी म्हटलं. ते धादांत खोटं त्यांनी मुकाट चालवून घेतलं. जोड बदलला, थरथर गेली.

"विकून टाक ती जीप, आई. आता खाली कोण निजणार?" असं लेक म्हणते. बारदाना अजून चाकापाशीच आहे, मी उचललेला नाही. रविवारी वर जाऊन बसते, स्टेअरिंग डावीकडं, उजवीकडं हलवत राहते. खालून कुणी काही बोलत नाही आणि हात काही केल्या थांबत नाही... शेवटी 'बस' मलाच म्हणावं लागतं.