एगैला अजून सरकारात नाही

२०२५ साल, आणि आमचे अध्यक्ष एकोणसत्तर वर्षांचे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून मी त्यांना कधी भ्यालो नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांच्या घरून मंगलावहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा घेऊन गॅलरीत बसलो होतो. "तात्या, हे झोपेतच गेले," एवढं म्हणून त्या थांबल्या... मी कप खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "टेबलावर तुमच्या नावाचं पत्र आहे. अर्धंच झालंय." रडू यायचं तिथे मला हसू आलं. माणूस जाता जातासुद्धा मला पद देत होता.

आधी माझं सांगतो. मी गुहागरकडचा, चौथीपर्यंत शिकलेला, धंद्याने शिंपी. हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलंय. सुनेने ऱ्हस्व-दीर्घ बघितलेत, पण वाक्यांना हात लावायचा नाही असं तिला बजावलंय. पुरवणीवाल्यांनी खरं तर माझ्या मुलाला लिहायला सांगितलं होतं. त्याला बँकेतून सवड नाही, आणि अध्यक्षांबद्दल त्याला माझ्याइतकं माहीतही नाही.

अध्यक्ष म्हणजे कुवेतमधल्या अब्बासियातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचे. सुधाकरराव, नाशिकचे, एका कंपनीत हिशेबाच्या कामाला. पण मंडळ चालवायचे राज्य चालवावं तसं. कमिटीला सरकार म्हणायचे, सभासदांना रयत. घरात भिंतीवर कुवेतचा भला मोठा नकाशा, त्यावर लाल टाचण्या. मुलूख वाढवायचा त्यांचा नियम ठरलेला होता. दिवाळीत एखाद्या भागातल्या तीन घरांच्या गॅलरीत आकाशकंदील लागले की तो भाग आपला. "दोन घरं म्हणजे शेजार, तात्या. तिसरं लागलं की मुलूख." मग तिथल्या कुणाला तरी प्रमुख नेमायचं, निळ्या शाईने स्वतः पत्र लिहायचं आणि साखरेची पुडी घेऊन त्याच्या दारात जायचं. समोर साखर खाल्ली की नेमणूक पक्की. फोनवर मेसेज टाका म्हणून पोरं सांगायची तर म्हणायचे, "मेसेज वाचला नाही असं सांगता येतं. दारात उभ्या माणसाला काय सांगाल?"

आमची गाठ पडली माझ्या अब्बासियातल्या दुकानात. पँटची उंची कमी करायला आले आणि पडद्यांचं उरलेलं कापड बघून म्हणाले, "याचे कंदील होतील का?" झाले. कागदाचा कंदील इथल्या धुळीत टिकत नाही, माझा कापडी टिकला. पुढे सगळ्या राज्याला कंदील मीच पुरवले. दुसऱ्याच दिवाळीला पहिलं पत्र आलं. 'सरकारास आपली गरज आहे. आपणांस कंदील खात्याचे प्रमुख नेमण्यात येत आहे.' मी त्याच पत्राच्या मागे लिहिलं, 'पत्र मिळाले. पद नको. साखर परत.' कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही म्हणून मी दुकान काढलं होतं, आता सरकारी नोकरी कशाला करू? आणि चौथी शिकलेल्याला बरं वाटावं म्हणून कुणी पद देत असेल तर तेही मला नको होतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मी दयेने कुणाला काही देत नाही. माझ्या मेव्हण्याला विचारा." मेव्हण्याला त्यांनी खरंच काही दिलं नव्हतं, तो अजून रागावलेला आहे.

त्यांच्या मोहिमांमध्ये सगळ्यात गाजली ती रुमैथियाची. दिवाळीत गाडी घेऊन नवरा-बायको कंदील शोधत हिंडायची. रुमैथियात दोन कंदील आधीच होते. एका संध्याकाळी तिसरा दिसला, मोठा चांदणीचा, आत दिवा. अध्यक्षांनी खाली गाडी लावली आणि पत्र, साखर घेऊन वर गेले. दार उघडलं ग्रेसने. फिलिपिन्सची नर्स. त्यांच्याकडे नाताळच्या कितीतरी आधीपासून अशी चांदणी लावतात म्हणे. तिला वाटलं, इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, भाडेवाढीची नोटीस पाठवलीय. घाबरून तिने पत्र घेतलं, पुडी उघडली, आणि समोरचा म्हातारा हसतोय बघून भीत भीत साखर तोंडात टाकली. वहिनी म्हणाल्या, "अहो, ही आपली नाही." अध्यक्ष म्हणाले, "साखर खाल्ली आता. नियम तो नियम." ग्रेस तेव्हापासून रुमैथिया विभागाची प्रमुख आहे. तिच्या करंज्या वहिनींच्या करंज्यांपेक्षा बऱ्या होतात, हे मी वहिनींसमोर म्हणालो आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

पुढे मी दुकान बंद केलं आणि मुलाकडे एगैलात राहायला आलो. इथेच खरी लढाई सुरू झाली. एगैलात दोन घरांत कंदील लागायचे. तिसरं मराठी घर आमचं. सगळ्यांचे कंदील शिवणारा मी, पण माझ्या गॅलरीत लावत नव्हतो. लावला की एगैला गेलंच. अध्यक्ष दर दिवाळीला आमच्या इमारतीखाली गाडी उभी करायचे आणि वर बघायचे. मी वरून चहाचा कप दाखवायचो. "लावा हो तात्या, तुमच्या एका कंदिलासाठी माझं राज्य अडलंय," खालून ओरडायचे. मी म्हणायचो, "वर या, चहा घ्या. राज्य राहू द्या."

यायचे. चहा घ्यायचे. जाताना पत्र आणि पुडी ठेवून जायचे. एका वर्षी 'एगैला प्रांताचे सुभेदार'. मी लिहिलं, मला मधुमेह आहे, डॉक्टरांनी पद बंद केलंय. पुढच्या वेळी साखरेऐवजी फुटाणे आले. मग सगळ्यात वरचा डाव... 'आपण दर वेळी नकार देता, सबब आपणांस विरोधी पक्षनेते नेमण्यात येत आहे.' मी म्हणालो, "तुम्ही नेमलेला विरोधी कसला?" ते इतके हसले की सुनेने पाणी आणून दिलं.

माझं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही. हो म्हटलेल्यांना त्यांनी एकेकच पत्र लिहिलं. मला किती लिहिली... एक पिशवी भरलीय.

कायमचं नाशिकला जायच्या आधी मंगलावहिनी घरी आल्या. गुंडाळलेला नकाशा आणि फुटाण्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. "नवा अध्यक्ष कोण, मला माहीत नाही. तुम्ही घेणार नाही, तेही माहीत आहे. पण टाकवत नाही हो." अर्धं पत्रही दिलं. त्यात माझं नाव होतं, 'आपणांस' होतं, पुढे काही नव्हतं. त्या गेल्यावर मी नकाशा पलंगावर पसरला. अब्बासिया, रुमैथिया, टाचण्या जागच्या जागी. एगैलावर टाचणी नव्हती, पण तिथला कागद चाळणीसारखा झाला होता. दर दिवाळीला निघायच्या आधी ते टाचणी लावून निघत असणार, आणि माझ्याकडचा चहा पिऊन परत आले की काढत असणार. आता कोण लावणार आणि कोण काढणार... बराच वेळ मी त्या भोकांवरून बोट फिरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातला पिवळा कंदील काढला आणि गॅलरीत टांगला. फुटाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. नकाशावर एगैलात टाचणी दाबली. खालच्या मजल्यावर नागपूरचे एक इंजिनियर नवेच आलेत, ते गाडीत बसता बसता वर बघून म्हणाले, "काका, दिवाळीला वेळ आहे ना अजून?"

"आहे," मी म्हणालो. "तुम्ही जरा थांबा. एक पत्र लिहून आणतो."

"मला उशीर होतोय, काका."

"हरकत नाही," मी म्हणालो. "संध्याकाळी दारात येतो."

आणि आत जाऊन निळं पेन शोधलं.