शालूच्या ब्लाउजची पहिली कात्री

सतरा नोव्हेंबर. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा सोड्यानं धुऊन उन्हात वाळवला होता, त्याचा वरचा पत्रा कापायचा होता. डाळी ठेवायला असे डबे बरे पडतात. जुनी सुरी घ्यायची, वरून वरवंट्याचे ठोके द्यायचे, चार बाजू कापल्या की काम संपलं. तीन बाजू झाल्या. चौथीला डबा ओट्यावरून घसरला आणि तो पडू नये म्हणून मी उजवा हात पुढं केला. पडला असता तर फार तर एक पोचा आला असता.

रक्त वाटलं तितकं आलं नाही. टॉवेल गुंडाळून रहिमतपूरला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जखमेवर पाणी ओतलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मूठ मिटा." अंगठा आला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आलं. पहिलं आणि मधलं बोट तशीच ताठ राहिली. मी जोर लावला, दात आवळले, पण त्या दोघांना माझं ऐकूच जात नव्हतं.

"कातडीला टाके मी घालतो," डॉक्टर म्हणाले. "पण आतल्या दोऱ्या तुटल्यात. उद्याच्या उद्या सांगलीला हाताच्या सर्जनकडं जा. घरी थांबून शेक-बिक घेत बसू नका."

मी ब्लाउज शिवते. गेली वीसेक वर्षं आमच्या गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका माझ्याकडंच येतात. त्या आठवड्यात तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं आणि लग्नसराई तोंडावर होती. कात्री धरायची ती हीच दोन बोटं. ती परत मिळणार का, आणि मिळेपर्यंत माझ्या मशीनवर कोण बसणार, एवढे दोनच प्रश्न होते. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला आवडलं नव्हतं.

माझी धाकटी जाऊ. दीर फौजेत, त्यामुळं ती आमच्याबरोबरच राहते. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा हूक लावता येत नव्हता. मशीनवर पाय कसा ठेवायचा इथपासून सगळं मी शिकवलं. काज, हूक, अस्तर, फॉल, बाही जोडणं ती करायची. कापायचं मात्र मी. कापणं मी कुणाला दिलं नव्हतं.

सांगलीच्या सर्जननी आदल्या दिवशीचे टाके बघितले आणि कागदावर बोटाचं चित्र काढून समजावायला लागले. बोट वाकवणारी दोरी एका बोगद्यातून जाते, ती तुटली की वरचं टोक आत, तळव्याकडं ओढलं जातं, ते शोधून बाहेर काढायचं.

मी म्हणाले, "म्हणजे परकराची नाडी नेफ्यात गेली म्हणा की."

ते थांबले. मग हसले. "अगदी. फक्त आम्हाला सेफ्टी पिन लावता येत नाही."

"आणि नेफा उसवता येतो का?"

"थोडा उसवतो. जास्त उसवला तर नाडी वर उचलली जाते आणि बोट नीट वाकत नाही."

हे मला पटलं. कामाची माणसं कामाच्या भाषेत बोलली की बरं असतं.

बगलेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला. मी जागी होते. मध्ये हिरवा पडदा होता, पण डॉक्टर त्यांच्या मदतनीस बाईंना सांगत होते ते ऐकू येत होतं. धागा केसाहून बारीक होता म्हणे. चष्म्याला भिंगं लावून ते शिवत होते, आणि पडद्याच्या अलीकडं पडून मला त्यांचाही हेवा वाटला, हे खरं सांगते. मेलेला हात बाजूला पसरून पडलेली मी, आणि पलीकडं कुणीतरी सुखानं बारीक टाके घालतंय.

ऑपरेशननंतर मनगट वाकवून, बोटांच्या मागं आधाराला कडक पट्टी देऊन, वर क्रेप बँडेज गुंडाळलं. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची असेल, पण हवालदारासारखी बोलायची. "दुसऱ्या हातानं बोटं हळूच मिटायची. उघडताना पट्टीला टेकेपर्यंतच. दर तासाला दहा वेळा. या हातानं काहीही धरायचं नाही. चमचाही नाही, काकू."

"किती दिवस?"

"सहा आठवडे पट्टी. वजन तीन महिने नाही. दोरी जोडलीय, पण अजून कच्ची आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात लोकांना वाटतं आपण बरे झालो, आणि तेव्हाच तुटते."

मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे केलं ते अडाणीपणातनं केलं नाही.

घरी आले तर मशीन खिडकीशी सरकवलेलं. वीस वर्षं ते भिंतीशी होतं.

"उजेड चांगला येतोय आक्का इथं," जाऊ म्हणाली.

"मला भिंतीशी कमी पडत नव्हता."

"तुमची नजर चांगली हाय. माझी कुठं तसली."

आता याला काय बोलायचं? ती माझी वेणी घालायची, ताटातली भाकरी कुस्करून द्यायची, व्यायामाच्या वेळा मोबाइलवर लावून ठेवायची. वाईट वागली असती तर सोपं गेलं असतं. मी पलंगावर बसून तिची बोटं बघत बसे. खडू धरलेली, कापड ताणणारी, टाचणी दातातून घेणारी. कशी पटापट मिटायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, कुणालाच वाटत नाही. मला त्या बोटांचा राग यायचा. भांडी घासताना तिच्या हाताला काहीतरी लागावं, जास्त नाही, दोन दिवसांपुरतं, असंही एकदा मनात आलं. आलं ते आलं.

आणि बायका तिचं कौतुक करायच्या, तेही माझ्यासमोर.

"धाकटीनं गळा लय भारी काढलाय गं."

"मोबाइलवर बघून काढला, मावशी. आक्कांना नसतं आवडलं," असं म्हणून ती माझ्याकडं बघून हसायची. चिडवायची. पूर्वी मी पण हसले असते.

नवरा फौजेतून निवृत्त झालेला. त्याला वाटे, सगळं छान चाललंय. "तुला सुट्टी मिळालीय, भोग. मला सतरा वर्षांत एवढी सलग मिळाली नव्हती."

"आवं, सुट्टीवर गेलं की जागा दुसऱ्याला देत्यात का तुमच्याकडं?"

"ड्युटी कुणीतरी करायलाच लागती," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

पाचव्या आठवड्यात वरच्या आळीतली एक बाई आली. मुलीचं लग्न आठ दिवसांवर. पिशवीतून शालूचा ब्लाउजपीस काढला, जांभळा, जरीच्या काठाचा. आमच्याकडं नवरीच्या शालूच्या ब्लाउजला पहिली कात्री लावायची एक रीत आहे. कात्रीला हळदकुंकू लावायचं, नवरीच्या आईनं कापडावर चार तांदूळ टाकायचे आणि ज्या बाईच्या हाताला गुण आहे तिनं पहिला काप द्यायचा. पुढचं कुणीही शिवावं. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या कापडाला ती कात्री मी लावलेली. त्या बाईची थोरली मुलगीही माझ्याच हातची, आणि तिचं सगळं चांगलं झालेलं.

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. पट्टी, बँडेज, सुजलेली बोटं. मग कापड जावेच्या मांडीवर ठेवलं.

"आवं आक्का, राग मानू नका. ह्या वक्ताला धाकटीच लावू दे कात्री. दुखऱ्या हातानं शुभकाम नको."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

जाऊ म्हणाली, "सहा आठवडे झालं की आक्काच लावत्यात की. पर लग्न तवर हून जाईल." मग आवाज खाली घेऊन त्या बाईला म्हणाली, "आन सहा आठवड्यानं तरी कसं हुतंय, काय सांगता येत न्हाई."

हळू बोलली तरी खोली दहा बाय बारा. मला ऐकू आलं.

कापायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, मुहूर्त बघून, असं ठरलं. तांदूळ टाकायला ती बाई परत येणार होती. दुपारी जाऊ शाळेतून तिच्या पोराला आणायला गेली, नवरा रानात उसाला पाणी द्यायला. मी दार लोटलं. डाव्या हातानं आणि दातांनी बँडेजची पिन काढली, गुंडाळी सोडली, पट्टी बाजूला ठेवली. हात मोकळा झाला. पाच आठवड्यांनी मी बोटं दुसऱ्या हाताशिवाय मिटून पाहिली. दोन्ही मिटली, पूर्ण नाही पण मिटली. त्या क्षणी मला त्या हवालदार मुलीचा एक शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. मी म्हणाले, एकच काप.

कापडावर जावेनं खडूनं आखून ठेवलं होतं. मुंढ्याचा, म्हणजे बाहीच्या गोलाईचा, आकार बरोबर होता. तेही खुपलं. मी मोठी कात्री उचलली आणि गळ्याच्या रेघेवर ठेवली. शालूचं कापड जाड, आत जर, खाली अस्तर. दोन बोटं लांबीचं कापलं गेलं आणि तळव्यात काहीतरी टचकन तुटलं. दुखलं नाही. ब्लाउज घट्ट झाला की शिवण उसवते, तेवढाच आवाज, पण आतून. कात्री हातातून कापडावर पडली. मधलं बोट सरळ झालं होतं.

मी पट्टी परत लावली, बँडेज जमेल तसं गुंडाळलं आणि पलंगावर जाऊन बसले. रडले नाही. मला एवढंच वाटत होतं, हे तिला कळू नये. डॉक्टरला कळलं तर चालेल, नवऱ्याला कळलं तर तो दोन दिवस ओरडेल. तिला नको.

ती आली, पोराच्या हातात बिस्किट दिलं, मशीनकडं गेली. कापड उचललं. कापाकडं पाहिलं, मग माझ्या बँडेजकडं. ते उलट्या दिशेनं गुंडाळलं होतं. रोज तीच तपासायची, तिला लगेच दिसलं.

"कात्री तुमी लावली?"

"लावली."

"बोट दाखवा."

"काही झालेलं नाही."

"आक्का, मी काय त्या बाईला सांगायची न्हाई. बोट दाखवा."

मी दाखवलं नाही. तिनं माझं मनगट धरलं, बँडेज सोडलं आणि म्हणाली, "मिटा." पहिलं बोट आलं. मधलं आलं नाही. तिनं खाली बसून डोक्याला हात लावला.

"येवढं जळता व्हय माझ्यावर?"

"व्हय," मी म्हणाले.

ती उठली. रागानं की कशानं, मला कळलं नाही. तिनं रानात फोन करून माझ्या नवऱ्याला बोलावलं आणि गाडी सांगितली. मी म्हणाले, उद्या जाऊ. ती म्हणाली, "दोरी पुन्यांदा आत पळाली असंल, उद्यापर्यंत आणखी आत जाईल." हेही ती माझ्याबरोबर सांगलीत बसून शिकली होती.

नवऱ्याबरोबर त्याच दिवशी सांगलीला गेले. सर्जननी हात पाहिला. "काय उचललं?"

"कात्री."

"कशासाठी?"

"नवरीचा ब्लाउज होता."

पुन्हा इंजेक्शन, पुन्हा हिरवा पडदा. लवकर आलात म्हणून तीच दोरी परत शिवता आली, म्हणाले. आता तुटली तर मनगटाजवळची एक जास्तीची दोरी काढून इथं बसवायची, तेही दोन टप्प्यांत, आणि बोट कितपत वाकेल याची हमी नाही. पट्टीचे आठवडे पहिल्यापासून मोजायचे. ते बोट आजही तळव्याला पूर्ण टेकत नाही. कात्री धरते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. जाऊ मशीनवरच होती. शालूचा ब्लाउज शिवून हँगरला लावलेला. माझा काप गळ्याच्या आत बेमालूम घेतला होता. नवरीच्या आईला तिनं सांगितलं होतं की पहिली कात्री आक्कांनीच लावली, मुहूर्त दुपारचा होता. तांदूळ नंतर टाकले तरी चालतात म्हणे. बाई खूश. मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. तिला खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं, एवढंच वाटलं.

रात्रभर विचार केला तो एकाच गोष्टीचा. लग्नं अजून बरीच होती. बायका येणार, कापडं तिच्या मांडीवर ठेवणार, आणि मी समोर बसणार. हेवा जाणार नव्हता, तो जाईल असं मी स्वतःला सांगितलंही नाही. बँडेजची पिन मात्र मला अजूनही डाव्या हातानं काढता येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी जावेसमोर हात ठेवला. "सुई-दोरा घे. बोटं मोकळी राहू देत, व्यायाम करायचाय. मनगटापासून वरती बँडेज शिवून टाक. दुहेरी दोरा. पुढच्या तपासणीला सांगलीतच उसवतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. सुईत दोरा ओवला आणि कोपरापर्यंत शिवलं.