थांबा म्हणणाऱ्या ताई

दवाखान्याच्या लॅबमधल्या ताईंचा आज एका जागी पाय ठरत नव्हता. बाहेरगावी पाठवलेल्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता, आणि तो होता त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा. दर दोन मिनिटांनी फोन बघत होत्या. "अहो, बघितल्याने लवकर येतो का?" डॉक्टर म्हणाले, तर त्यांच्यावरच खेकसल्या.

तशी बाई कामाला वाघीण. काळ्या काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्यात तपासणीच्या औषधाचा एक, आणि दोन मिनिटं काच हलवायची. दाणे धरले की संधिवाताची तपासणी पॉझिटिव्ह! पण डासांच्या तापाने अख्खी वस्ती अंथरुणाला खिळली आणि त्यानंतर सांधे धरलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात दाणे दिसायला लागले. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. ताई दटावायच्या, "संधिवात कसला डोंबलाचा! तापानंतर रक्त असं फसवतं. थांबा तीन महिने." बरे झालेले येऊन हात जोडून जायचे. झालं, ताईंना शिंगं फुटली. डॉक्टरांना विचारायचीही गरज वाटेना.

धाकटी कपड्यांना हाताने काजं करायची. तापानंतर तिचीही बोटं सुजली, काचेवर दाणे आले. ताईंनी रिपोर्ट डॉक्टरांना न दाखवताच पर्समध्ये कोंबला. "थांब गं, तापाचं आहे ते."

धाकटी थांबली. सकाळी मूठ वळेना, सुई धरवेना, तरी "ताई म्हणतेय ना" म्हणत सहा महिने थांबली. शेवटी डॉक्टरांनीच तिचा हात पाहिला आणि तापाने सहसा न फसणारी दुसरी तपासणी पाठवली.

दुपारी रिपोर्ट आला. आकडा भलताच चढलेला. संधिवातच.

"औषधाने पुढचं थांबेल," डॉक्टर म्हणाले, "पण वाकलेली बोटं सरळ होतील असं नाही."

ताई तशाच धावत बहिणीच्या घरी गेल्या आणि रडत रडत सगळं ओकल्या. "अगं, बोल ना मला काहीतरी! शिव्या दे!"

 धाकटी म्हणाली, "माझं झालं ते झालं. पण ताई, तू ज्यांना थांबा म्हणालीस, त्यांच्यातलं आणखी कोण अजून थांबलंय?"

ताई एकेक चेहरा आठवायला लागल्या. बरे झालेले तेवढे सांगायला आले होते. जे आलेच नाहीत, त्यांनाही ताईंनी बरं झालेलं धरलं होतं.