अकुएलेंची पाहुणी

अकुएले माझ्या शेजारीण होत्या. अनेहो गावाच्या खाडीकाठी त्यांचे मोठे घर होते आणि त्यात त्या एकट्याच राहत. त्यांच्या पणजोबांनी उत्तरेकडची एक बाई विकत आणली होती. ती या घरात राबून मेली. तिचे खरे नावही कुणी विचारले नव्हते. अशा माणसांचे आत्मे आमच्याकडे चांबा म्हणून पुजले जातात. ज्यांनी त्यांना विकत घेतले, त्यांच्याच लेकीसुनांच्या अंगात ते येतात. ती बाई अकुएलेंच्या अंगात येई.

दर वर्षी ढोल वाजत, ती येई, उत्तरेच्या भाषेत पुष्कळ बोले आणि निघून जाई. ती भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नसे. शुद्धीवर आल्यावर अकुएलेंना काहीही आठवत नसे. त्या प्रत्येकाला विचारत, "काय म्हणाली?"

"म्हणाली, तेतेला दारू वाढा," असे त्यांचा धाकटा भाऊ तेते थट्टेने सांगे. "आक्का, तुझं एवढं काय अडलंय?"

"या घरात माझ्याशिवाय तीच तर आहे. आणि तिचा आवाजसुद्धा मी ऐकलेला नाही."

एके वर्षी त्यांनी बाजारात कोलाच्या बिया विकणाऱ्या राबियाला गळ घातली. राबिया उत्तरेचीच होती.

"मी नमाज पढणारी बाई. मला कशाला ओढता तुमच्या ढोलांत, मावशी?"

"नाचू नकोस गं. नुसती ऐक."

"बरं. पण तिला खायला काय घालता?"

"माशांचं कालवण."

"अगं बाई! इतकी वर्षं? आमच्याकडं ज्वारीचं पीठ शिजवतात, वर बाओबाबच्या पाल्याचं कालवण."

अकुएलेंनी तसेच रांधले. ढोल वाजले आणि ती आली, वाडगा पुढे घेऊन खाऊ-बोलू लागली. राबिया भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग पुढे होऊन हळूच काही बोलली.

अकुएले शुद्धीवर आल्या. "काय म्हणाली?"

"जुनी बोली, अर्धीच कळली. हे रांधलं कुणी, विचारत होती. मी म्हटलं, अकुएलेंनी. तर म्हणाली, बोलाव तिला, एकटीनं घास उतरत नाही."

"मग? तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही होतात कुठं, मावशी?"

 अकुएलेंनी अर्धा उरलेला वाडगा जवळ ओढला.

"आक्का, ते उष्टं बाहेर नेऊन ठेवायचं असतं," तेते म्हणाला.

त्यांनी ऐकले नाही. पाला बुळबुळीत होता. तो त्यांना आवडला नाही, हे चेहऱ्यावर दिसत होते. तरी त्यांनी वाडगा रिकामा केला. राबियाला त्यांनी आणखी थोडे थांबण्याचा आग्रह केला, परंतु तिची नमाजाची वेळ झाली होती.