पाळण्याचे खिळे

काकांच्या हृदयाचं ऑपरेशन चालू होतं आणि माझी मावशी व्हरांड्यात येरझारा घालत होती. खिडकीपर्यंत जायचं, बाहेर बघायचं, परत फिरायचं. मी आणलेला चहा तिच्या एका हातात तसाच गार झाला. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट.

मुठीत तिचा क्रूस होता. सोन्याचा नाही की चांदीचा नाही. दोन लोखंडी खिळे आडवे-उभे जोडलेले, आडवा जरा वाकडाच. पडद्यांच्या दुकानात शिलाई करतानाही तो काळ्या दोऱ्यात तिच्या गळ्यात असायचा. कुणी हसलं तर म्हणायची, "असू दे, माझा आहे."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हा दिला कुणी गं?"

"तुझ्या काकांनी."

मी उडालेच. काका कारखान्यात वेल्डर आणि पक्के नास्तिक. मावशी प्रार्थनेला चर्चमध्ये, काका बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत. पाळकसाहेबांनी बोलावलं तर म्हणायचे, "मी स्कूटर राखतो. चोरीला गेली तर देव शोधून देणार आहे का?"

"तुझ्या जन्माआधीची गोष्ट," चालता चालताच मावशी सांगू लागली. "आमची मुलगी पाळण्यात घालायच्या आधीच गेली. पाळणा ह्यांनीच केला होता. मी आईने दिलेला सोन्याचा क्रूस कपाटात फेकला. प्रार्थना बंद. कुणी देवाचं नाव काढलं तरी अंगावर धावून जायची. मग एक दिवस ह्यांनी पाळणा मोडला, त्यातले दोन खिळे जोडून आणले. म्हणाले, माझा विश्वास नाही, ते तुला ठाऊक आहे. पण तुझा जाऊ देऊ नकोस. तोही गेला तर ह्या घरात कुणाकडेच उरणार नाही."

ती खिडकीशी थांबली. "आज आत नेताना त्यांनी हा मागितला गं! नर्स म्हणाली, धातूचं काही चालत नाही. मी मुकाट्याने परत घेतला. भांडायला हवं होतं मी."

"मावशी, नियम असतो."

"नियम गेला खड्ड्यात!"

दुपार कलल्यावर डॉक्टर आले. ऑपरेशन नीट झालं होतं, पण पुढे फार जपायला हवं होतं. काकांना शुद्ध आली आणि आम्हाला आत सोडलं, तशी मावशीने क्रूस त्यांच्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली.

"आता तरी बसला का विश्वास?" तिने विचारलं.

"तुझ्या देवावर? बघू." शब्द जड येत होते. "तू बाहेर उभी आहेस, ह्यावर होता."

मावशी हसली, रडली आणि लगेच उगाचच चादर सारखी करू लागली.

काका आता घरी आहेत. क्रूस त्यांच्या उशाशी असतो. मावशी प्रार्थनेपुरता उचलते, पुन्हा तिथेच ठेवते. दुपारी त्यांचा डोळा लागला की ती हातातलं काम टाकून उठते, त्यांची छाती हलतेय ना ते बघून येते. थोड्या वेळाने पुन्हा उठते. तिचा जीव अजून थाऱ्यावर नाही.